ओ देण्याआधी

१

बालवाडीची पोरं ज्याच्या त्याच्या घरी गेली की मी सड्यावरच्या, उघड्या कातळातल्या वाटेने घरी यायचे, भात टाकायचे, आमटी ऊन करायचे आणि मधल्या दारातून ओरडायचे, "अहो, वाढलंय!" मागच्या खोलीतून "ओ" यायची. त्या ओवर काही जाऊ नये. ओ दिल्यापासून माणूस पानावर येईपर्यंत भाताचा दगड व्हायचा. मी पुन्हा ओरडायचे, पुन्हा ओ यायची. असा आमचा संसार.

आमच्या ह्यांचं रत्नागिरीच्या बाजारात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळी दुकान, दुपारी घर. घर म्हणजे शहराबाहेर सड्यावर चिऱ्याच्या भिंतींच्या तीन खोल्या. मागे काजू, आणि काजूंच्या पलीकडे जुनी चिरेखाण. चिरे काढून काढून सोडून दिलेली, सरळ कापलेल्या भिंतींची, छप्पर उडालेल्या घरासारखी. तिसरी खोली ह्यांच्या यंत्रांची. तिच्या खिडकीला गोधडी ठोकलेली, ना वारा ना उजेड. दोन मोठी स्पूलची मशिनं, भिंतीभर दोऱ्या, दोऱ्यांना कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांना टेपचे तुकडे लोंबत असायचे.

नाटकांचं पार्श्वसंगीत करायचं ह्यांना वेड. वाद्यं नकोत, वादक नकोत. एखादा आवाज घ्यायचा, शंखाचा, रहाटाचा, पितळी घागरीचा, आणि तो लांबवायचा. टेप हळू फिरवली तर आवाज लांबतो, पण रेड्यासारखा घोगरा होतो. ह्यांना सूर तोच हवा, फक्त लांब. मग एकाच आवाजाच्या पुष्कळ प्रती काढायच्या, ब्लेडने टेपचे नखाएवढे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा चार-चारदा पाठोपाठ चिकटवत जायचं. घागरीचा एक ठण्ण जागच्या जागी उभा राहायचा. संपायचाच नाही. खोलीभर पसरायचा आणि त्याच्या पोटात काय काय हलताना ऐकू यायचं, जे घागर वाजवताना कुणाला ऐकू आलेलं नसायचं.

त्या तुकड्यांना हे कणी म्हणायचे. "एवढ्या कण्या पाडून झाल्या की जेवतो."

"पाडा कण्या," मी म्हणायचे, "त्यांचीच पेज करते, प्या."

पण खोटं कशाला बोलू? ऐकायला सुंदर लागायचं. गावोगावची नाटकमंडळं ह्यांना शोधत यायची.

२

मुंबईत गिरणी संपात बसली ती बसलीच. महिपतभावजी, ह्यांचे धाकटे भाऊ, बाजाची पेटी काखेत मारून आमच्याकडे राहायला आले. लग्न नाही, काम नाही, पण माणूस हसरा. दोघा भावांचा आवाज अगदी एक. मी "अहो" म्हटलं की ह्यांच्या आधी भावजी ओ द्यायचे, ह्यांच्याच आवाजात. मी फसायचे, ते पोट धरून हसायचे.

"वैनी, अहो म्हणजे कोण हो? नाव घ्या की दादाचं. नायतर जो पयली ओ देईल त्याला वाढा."

"नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं," मी म्हणायचे. आईने शिकवलं होतं तसं. तुम्ही हसाल, पण तुमच्या घरातल्या बायका तरी दुसरं काय शिकल्या?

त्या दुपारी ह्यांना पेटीचा एकच सूर हवा होता. भावजी खोलीच्या मधोमध पेटी घेऊन बसलेले, हे मशिनीपाशी. मी भिंतीला टेकून कण्यांच्या दोऱ्या सोडवत होते. दोन्ही हात अडकलेले म्हणून चिमटा दातात धरला होता. दार बंद. टेप फिरत होती.

भावजींनी मान वर केली. बंद दाराकडे बघून ते हसले, मला फसवताना हसायचे तसेच.

"ओ!" ते म्हणाले. "आलो हो, वैनी."

आणि उठले. मी त्यांच्या पाठीमागे हातभरावर बसलेली! मला वाटलं, ही नवीनच काहीतरी थट्टा. दातात चिमटा, त्यामुळे शिवीसुद्धा घालता येईना. रेकॉर्डिंग नासलं म्हणून हे चरफडले. भावजी दार उघडून गेले. पेटीचा भाता मागे थोडा वेळ हवा सोडत राहिला.

दिवे लागायच्या वेळेला ते चिरेखाणीत सापडले. तळाशी पाणी घोटाभरसुद्धा नव्हतं.

गिरणी गेली म्हणून डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातंय! सकाळी माझ्या हातचे चार घावणे खाऊन अजून मागणारा माणूस तो.

३

तेरावा झाला आणि ह्यांनी ती टेप काढली.

"तो कुणाला ओ देऊन उठला?"

"कुणाला नाही. थट्टा करत होते."

"मग परत का नाही आला?"

ह्यांनी टेप मशिनीला लावली.

ओच्या आधी टेपवर काही नव्हतं. पेटीचा सूर, आणि सुराखाली बंद खोलीचा आवाज. खोलीला आवाज असतो हे मला लग्नानंतर कळलं. हे म्हणाले, ओच्या आधीची जी पापणी मिटण्याएवढी जागा आहे, तिच्या कण्या पाडायच्या. भावाला जर काही ऐकू आलं असेल तर ते तिथेच असणार.

दुकान बंद राहायला लागलं. एका मंडळाचा माणूस शिमग्याच्या नाटकाची टेप मागायला येऊन दारातून शिव्या देत गेला. मी बालवाडीतून यायचे तेव्हा मागच्या खोलीतून ती लांबवलेली शांतता ऐकू यायची. शांतताच, पण लांबवल्यावर तिची घरघर व्हायची. ती चुलीपाशी ऐकू यायची, न्हाणीत ऐकू यायची. तांदूळ निवडताना सुपात टेपचा तपकिरी तुकडा सापडायचा. मी मनाला समजवायचे, माणूस दुःखात आहे, कुणी दारू पितं, कुणी टेप कापतं. स्वतःलाच म्हणायचे, राही, जरा दम धर.

दम धरला. त्याचं काय फळ मिळालं ते सांगतेच.

४

एका दुपारी हेच मला बोलवायला स्वयंपाकघरात आले. असं कधी व्हायचं नाही.

"ये. ऐक."

मी त्याच भिंतीला टेकून बसले. ह्यांनी मशीन चालू केलं. आधी नुसती घरघर. पेटीचा सूर तिच्यात विरघळून गेलेला. मग त्या घरघरीत कुणीतरी श्वास घेतला. "अ" सुरू झाला. तो किती वेळ चालला म्हणून सांगू! मग "ह", नुसता वारा. मग "ओ", आणि त्या ओच्या पोटातूनच भावजींची ओ बाहेर आली. हाकेचं शेपूट आणि भावजींची ओ अशी कालवलेली होती, म्हणून नुसती टेप ऐकून कुणाला काही कळलं नव्हतं.

अहो.

आवाज माझा होता. स्वतःचा आवाज टेपवर ऐकला की परक्याचा वाटतो, हे मला ह्यांनीच दाखवून दिलं होतं. हा परका वाटला नाही. मी बोलताना मला आतून जसा ऐकू येतो, तसा होता.

"मीच म्हटलं असेन," मी म्हटलं.

"तुझ्या दातात चिमटा होता."

"मग टेपवर आधीचं काही राहिलं असेल. नीट पुसली नसेल तुम्ही."

"कोरी टेप होती. कागद मी फोडला."

हे माझ्याकडे बघत होते. नवऱ्याने तसं बघू नये. मी बाई आहे की आणखी काही, हे तपासल्यासारखं.

"अहो म्हणून तू कुणाला हाक मारतेस?"

"तुम्हाला. आणखी कुणाला मारणार?"

"म्हणजे ती हाक माझी होती," हे म्हणाले. "महिपतने आपली मधल्यामधे ओ दिली."

मी उठून मशिनीचं बटण बंद केलं. घरघर थांबायला हवी त्यापेक्षा थोडी उशिरा थांबली. बंद होताना मशीन रेंगाळतं, असं मी तेव्हा धरून चालले. आजही मला तसंच धरून चालायला आवडेल.

५

एके दिवशी बालवाडीतून आले तर हे पाटावर हात धुऊन बसलेले. समोर ताटसुद्धा नाही.

"वाढ ना. हाक मारलीस म्हणून आलो."

"मी आत्ता चपला काढतेय! अजून तांदूळ धुवायचेत."

ह्यांनी खाली बघितलं. मग हळूहळू कळलं की हे पहिल्यांदा नव्हतं. आधी हाक मधल्या दारातून आली होती, मी मारते तिथून. मग पडवीतून. काल काजूंखालून आली, असं हे म्हणाले.

"ओ दिलीत?"

"नाही. तोंडापर्यंत आली होती."

शेजारच्या जाईबाईला मी सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की ह्यांना भास होतात. ती कोकमं फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "एका हाकेला ओ देव नये गो बाय. माणूस आसलं तर दुसरी हाक मारतंच."

मी घरी आले ती सरळ मागच्या खोलीत. हाक एक होती. ह्यांनी तिच्या कण्या पाडल्या, एकाच्या चार चार केल्या आणि घरभर पेरल्या. मी दोऱ्या ओरबाडल्या. वाटलं होतं, हे हात धरतील, भांडतील. भांडले असते तर बरं वाटलं असतं. पण ह्यांनी स्वतःच स्पूल काढून दिला. परसात ढीग करून आम्ही तो पेटवला. काळा धूर, घशात बसणारा वास. हे बाजूला उभे राहून लहान मुलासारखे रडले, आणि मीही रडले. म्हटलं, गेली एकदाची पीडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पुन्हा पाटावर बसलेले होते.

६

मग युक्ती मी काढली. डोकं माझं, म्हणून सांगते. ह्यांना तर काही सुचायचंच बंद झालं होतं.

"आजपासून मी तुम्हाला अहो म्हणणार नाही," मी म्हटलं. "मरेपर्यंत नाही. नावानेच हाक मारीन. अहो ऐकू आलं की समजायचं, ती मी नव्हे. कान झाकायचे आणि मागे न बघता तिथून निघायचं. नावाची हाक आली की ती माझी."

"नाव घेशील तू?" इतक्या दिवसांनी हे पहिल्यांदा हसले.

"घेईन. काय मोठं!"

पण मोठंच होतं. जीभ टाळ्याला चिकटली. कान तापले. अख्ख्या गावाची नावं घेणारी मी, एक नाव घेता येईना. हे समोर बसून वाट बघत होते.

"काशीराम," मी म्हटलं.

"ओ," हे म्हणाले. मग म्हणाले, "पुन्हा म्हण."

"काशीराम."

"ओ."

किती वेळ आम्ही तो पोरखेळ केला. लग्नानंतर इतकं हसलो नव्हतो. ह्यांनी माझा हात धरला होता. मला वाटलं, आईला काय कळत होतं? नावाने आयुष्य कमी होत नाही, उलट हे बघा, माणूस परत आला.

फक्त एक सांगते. हे सगळं आम्ही ठरवलं ते त्या मागच्या खोलीत बसून. दोऱ्या रिकाम्या होत्या, मशीन बंद होतं, आणि तरी खोली तीच होती, जिथे पहिली हाक उमटली होती.

७

चांगले दिवस गेले. हे पुन्हा दुकानात जायला लागले, हिशेबी माणसासारखे वेळेवर जेवायला लागले. अहोची हाक यायची, पण हे कान झाकून घरात यायचे आणि मला सांगायचे, "आली होती तुझी सवत." आम्ही तिला सवत म्हणायचो. माझी हाक ऐकून जाईबाई कपाळावर हात मारायची. "नवऱ्याचा नाव घेतस? काय गो तुझी जीभ!" मी म्हणायचे, "माझा नवरा, माझी जीभ."

वैशाखातली दुपार होती. बालवाडीला सुट्टी. मी परसात कातळावर कोकमाची सालं वाळत घालत होते, हात कोपरापर्यंत लाल. हे जेवून पडवीत आडवे झाले होते. पानसुद्धा हलत नव्हतं.

काजूंच्या पलीकडून माझ्या आवाजात हाक आली.

"काशीराम!"

मी जशी कधीच मारू शकले नव्हते तशी. लाज नाही, अडखळणं नाही. लाडाने मारलेली, मोकळी हाक.

"ओ! आलो गो," पडवीतून हे म्हणाले. आवाजात झोप होती, आणि आनंद होता. पंचा खांद्यावर टाकत हे घराच्या त्या बाजूने उतरले आणि काजूंकडे चालू लागले. मी ह्या बाजूला होते. माझ्याकडे ह्यांची पाठ.

माझ्या तोंडातून जे निघालं ते निघालं. भरल्या हाताने, भरल्या उन्हात, बारा वर्षं ज्या जिभेला एकच वळण, तिच्यातून दुसरं काय निघणार होतं?

"अहो! अहो, मी इथे आहे! अहो!"

ह्यांनी ऐकलं. मी बघितलं ना, खांदे वर झाले. ह्यांनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले, मी शिकवलं होतं तसे, आणि मागे न बघता धावत सुटले. माझ्यापासून लांब.

मीही धावले. सालांवरून पाय घसरला, गुडघा फुटला, उठले. काजूंतून ह्यांचा पांढरा सदरा दिसत होता. खाणीच्या काठावर पोहोचल्यावर ह्यांनी कानांवरचे हात काढले आणि थांबले. वाट तिथे एका माणसापुरती आहे. हे थोडे बाजूला झाले. कुणाला पुढे जायला जागा करून द्यावी तसे. मान झुकवून हसले. आणि हात पुढे केला.

तेव्हा मला आठवलं.

"काशीराम!" मी जीव खाऊन ओरडले.

"ओ," हे म्हणाले. तोंड त्या बाजूलाच होतं.

मग काठ रिकामा होता. खालून काही आवाज आला असेल, पण माझ्या कानात ती ओच होती, आणि ती संपायला फार वेळ लागला.

८

पोलीस आले, पंचनामा झाला. पाय घसरला, असं लिहिलं. माझ्या कोपरापर्यंतच्या लाल हातांकडे एक हवालदार बराच वेळ बघत होता. त्याला मी कोकमाची सालं नेऊन दाखवली.

बायका जमल्या. कुणी म्हणालं, भावाच्या मागोमाग भाऊ. कुणी हळूच म्हणालं, नाव घ्यायची ना ही. मला ऐकू जाईल एवढ्याच हळू. मला आता सगळ्या बायकांचा राग येतो, आईचासुद्धा. सर्वांत जास्त माझ्या जिभेचा.

जाईबाई तेवढी शेवटपर्यंत बसून राहिली. तिने माझा गुडघा धुतला, हळद लावली. तिला खरंच वाईट वाटत होतं, म्हणून तर तिने विचारलं.

"तू परसात व्हतीस, तो तुझ्या डोळ्यांदेखत गेला. हाक मारायचीस की गो त्याला."

"मारली."

"मग? आयकू नाय गेली?"

"गेली."

"आणि ओ दिली नाय त्यानं?"

"दिली," मी म्हटलं. "दिली ना, जाईबाई. दिलीच."